विचारा तर खरं : कंपनी खरी निघाली, मग काम खोटं कसं?

या महिन्याच्या टपालात घरबसल्या कामाचीच पत्रं जास्त होती. त्यांतली तीन घेतली आहेत. नावं कुणाचीच छापत नाही.

ताई, नमस्कार. मी सांगलीजवळच्या माधवनगरची. बी.कॉम. झालेय, टॅली येतं. मुलगी दोन वर्षांची, त्यामुळं बाहेर नोकरीला जाता येत नाही. नोकरीच्या एका साइटवर बायोडाटा टाकला होता. आठवड्यानं पुण्याच्या एका प्रायव्हेट लिमिटेड कंपनीच्या एचआर मॅडमचा व्हॉट्सअॅप आला. घरून डेटा एन्ट्री, महिना २२,००० रुपये. मुलाखत चॅटवरच दहा मिनिटांत झाली. कंपनीचं नोंदणी प्रमाणपत्र, जीएसटीचा कागद, लोगो असलेलं ऑफर लेटर, सगळं पाठवलंय. आमच्या ह्यांनी सरकारी साइटवर बघितलं, कंपनी २००९ सालची आहे आणि चालू आहे. आता आयडी कार्ड आणि सॉफ्टवेअरचे २,४५० रुपये भरायचे आहेत, पहिल्या पगारात परत देणार म्हणतात. मुदत उद्यापर्यंतच आहे. सासूबाई म्हणतात फसवणूक आहे, हे म्हणतात कंपनी खरी आहे. बरोबर कोण? सोबत कागदांच्या झेरॉक्स जोडल्या आहेत.

उत्तर : दोघंही. कंपनी खरी आहे आणि फसवणूकही आहे. (मासिकाला पत्र पाठवताना ‘उद्यापर्यंतची मुदत’ लिहिलीत, त्याचं हसू आलं. हा अंक हातात पडेपर्यंत ती मुदत कितीदा वाढली ते कळवा.)

तुमच्या ह्यांनी कॉर्पोरेट व्यवहार मंत्रालयाच्या, म्हणजे एमसीएच्या साइटवर जाऊन पाहिलं हे उत्तमच केलं. बहुतेक लोक तेवढंही करत नाहीत. पण नाव आणि साल बघून ते थांबले. कंपनीचा सीआयएन हा एकवीस अक्षरा-आकड्यांचा क्रमांक असतो आणि तो नुसता वाचला तरी बरंच काही बोलतो. पहिलं अक्षर कंपनी शेअर बाजारात नोंदलेली आहे की नाही ते सांगतं. पुढचे पाच आकडे धंद्याचा प्रकार, मग राज्याची दोन अक्षरं, मग स्थापनेचं साल, मग कंपनीचा प्रकार आणि शेवटी सहा आकडी नोंदणी क्रमांक. तुम्ही पाठवलेल्या कागदावर धंद्याचे आकडे २९ नं सुरू होतात. ते कारखानदारीच्या वर्गातले आहेत. टायपिंग, सॉफ्टवेअर, कॉल सेंटर यांच्या जवळपासही नाहीत.

मग जीएसटीचा कागद घेतला. जीएसटीच्या साइटवर ‘सर्च टॅक्सपेयर’मध्ये तो पंधरा अक्षरी क्रमांक टाकला की लॉगिन न करताच नाव, पत्ता, नोंदणीची तारीख, धंद्याचं स्वरूप आणि रिटर्न भरले जातात की नाही हे दिसतं. पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे २७. मधली दहा अक्षरं म्हणजे त्या धंद्याचा पॅन. सगळं जुळलं. स्वरूप : उत्पादन. रिटर्न वेळेवर. म्हणजे पुण्यात कुठं तरी यंत्रांचे सुटे भाग बनवणारा एक सरळमार्गी कारखाना आहे आणि त्याचे कागद घेऊन दुसरंच कुणीतरी तुमच्याशी बोलतंय.

खात्री करायला मी त्या कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवरचा लँडलाइन नंबर लावला, ऑफर लेटरवरचा नव्हे. फोन उचलणाऱ्या बाई माझं वाक्य पुरं व्हायच्या आत म्हणाल्या, “मॅडम, टायपिंगचं ना? आम्ही कुणाकडून घरी काही करून घेत नाही. पैसे भरले नाहीत ना अजून?” त्यांना असे फोन सारखे येतात म्हणे. बिचाऱ्यांनी ऑफिसच्या दारावर सूचनाही लावली आहे, पण माधवनगरहून ती कशी दिसणार?

कागद इतके खरे कसे, असं वाटेल तुम्हाला. जीएसटीचं प्रमाणपत्र धंद्याच्या जागी दर्शनी लावायचाच नियम आहे. आत जाणारा कुणीही मोबाईलवर फोटो काढू शकतो. कंपनीची कागदपत्रं एमसीएवर थोडी फी भरून कुणालाही बघता येतात. त्यामुळं कागद अस्सल असला तरी तो पाठवणारा त्या कंपनीचा आहे असं ठरत नाही. उभी हयात बँकेच्या काउंटरवर गेली माझी, आणि प्रमाणपत्राची फ्रेम बघून आयुष्यभराची ठेव ठेवणारी माणसं मी आपल्याच जिल्ह्यात पाहिली आहेत. त्याबद्दल आता बोलत नाही, रक्तदाब वाढतो.

आणखी दोन कागद हल्ली मिरवले जातात, छोट्या उद्योगांचं उद्यम प्रमाणपत्र आणि शॉप अॅक्टचा कागद. उद्यम नोंदणी फुकट आणि स्वयंघोषणेवर होते. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात ठरावीक संख्येपेक्षा कमी कामगार असतील तर नोंदणीच लागत नाही, ऑनलाइन नुसतं कळवायचं असतं. त्याची जी पावती मिळते तीच ‘सरकारमान्य’ म्हणून पुढं केली जाते. सरकारनं आत येऊन काही तपासलं असा तिचा अर्थ मुळीच नाही.

तेव्हा कंपनी आहे का हा प्रश्न पहिला असला तरी हलका आहे. हा माणूस त्या कंपनीचा आहे का, आणि माझ्या कामाचे पैसे त्याला कोण देणार, हे दोन प्रश्न जड आहेत. तुमच्या एचआर मॅडमचा ईमेल जीमेलचा आहे. कंपनीचं स्वतःचं डोमेन, म्हणजे ईमेलमध्ये @ च्या पुढं येणारं नाव, असताना तिचा एचआर जीमेलवरून नेमणूक करत नाही. डोमेन कंपनीसारखं दिसलं तरी अक्षर न् अक्षर वाचा, मध्ये एखादी आडवी रेघ किंवा शेवटी ‘जॉब्स’, ‘करिअर’ असं शेपूट चिकटवलेलं असतं. डोमेन कधी घेतलं ते ‘हू इज’ शोधात फुकट दिसतं. २००९ ची कंपनी आणि गेल्या महिन्यात घेतलेलं डोमेन, हे कसं जमायचं? वीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला पीएफ लागतो, आणि ईपीएफओच्या साइटवर आस्थापनेचं नाव शोधता येतं. ‘आमच्याकडं पाचशे मुली घरून काम करतात’ म्हणणाऱ्याचं नाव तिथं नसेल तर त्यालाच विचारा, कुठं भरता पीएफ म्हणून.

आता ते २,४५०. आपल्याकडं ऊसतोडीच्या टोळीला मुकादम हंगामाआधी उचल देतो. उचल घेऊन टोळी आलीच नाही म्हणून कपाळाला हात लावून बसलेले वाहनमालक गावोगाव भेटतील. पण टोळीनं मुकादमाला उचल दिली आणि मग कोयता हातात घेतला, असं कधी ऐकलंय? ज्याला कामाची गरज आहे तो पैसे पुढं करतो. नोंदणी फी, अनामत, लॅपटॉपचा विमा, ट्रेनिंग किट, नाव काहीही असो, पैसे भरू नका, आणि ‘परत मिळणार’ म्हणाले तर मुळीच नको.

तुम्ही पाठवलेल्या क्यूआर कोडचा फोटोही बघितला. स्कॅन केल्यावर पैसे घेणाऱ्याचं जे नाव येतं ते कुठल्याशा व्यक्तीचं आहे, कंपनीचं नाही. प्रायव्हेट लिमिटेडचे पैसे त्याच नावाच्या चालू खात्यात जमा होतात. ते कुणाच्या बचत खात्यात मागितले जात असतील तर पुढं वाचायचीही गरज नाही. तो नंबर आणि यूपीआय आयडी राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर ‘सस्पेक्ट सर्च’मध्ये टाकून बघा, आधी तक्रार झाली असेल तर कळेल. तिथं सापडला नाही म्हणून माणूस चांगला, असं मात्र धरू नका. चोर रोज नंबर बदलतो.

एवढं वाचून घरून काम म्हणजे सगळं खोटंच, असं सासूबाईंनी ठरवू नये. कोरोनानंतर सांगलीच्या विश्रामबागेत बसून बंगळूरच्या कंपनीत नोकरी करणारी मुलं-मुली आहेत, आणि टॅली येणाऱ्या माणसाला सांगलीतल्या कर सल्लागारांकडं जीएसटीच्या हंगामात घरी नेऊन करायचं काम मिळतं. गणपती पेठेत आणि मार्केट यार्डात हिशेब लिहून घेणारे व्यापारी आहेत. पैसे कमी मिळतील, पण देणारा माणूस दुकानात जाऊन डोळ्यांनी बघता येईल. मी तुमच्या जागी असते तर तिथून सुरुवात केली असती. केंद्राचं नॅशनल करिअर सर्व्हिस आणि राज्याचं महास्वयम या दोन्ही पोर्टलवर नाव नोंदवायला पैसे लागत नाहीत. तिथं दिसलेल्या जाहिरातीलाही वरच्याच चाळण्या लावायच्या.

आणि हो, खरी कंपनीसुद्धा पॅन, बँक खातं, जुना पीएफ क्रमांक मागते. तेवढ्यावरून घाबरू नका. पण ते नेमणूक पक्की झाल्यावर. आधार द्यायची वेळ आली तर शेवटचे चारच आकडे दिसणारं ‘मास्क्ड’ आधार द्या. ओटीपी कुणालाच नाही. पैसे यायला यूपीआय पिन लागत नाही, हे तर सासूबाईंनाही सांगून ठेवा.

ताई, माझं नाव-गाव छापू नका, तासगाव तालुका एवढंच लिहा. फेसबुकवरची जाहिरात बघून फॉर्म टायपिंगचं काम घेतलं. सात दिवसांत ६०० फॉर्म, एका फॉर्मला ३५ रुपये. आधी पैसे मागितले नाहीत म्हणून विश्वास बसला. आधारचा ओटीपी टाकून करारावर ई-साइन केली. बेदाणा निवडायचं काम सोडून, रात्री जागून ६०० पुरे केले. मग ‘क्यूसी रिपोर्ट’, म्हणजे तपासणीचा अहवाल, आला, अचूकता ८३ टक्के, पाहिजे होती ९०. करार मोडला म्हणून ६,८०० रुपये भरा म्हणतात. आता परराज्यातल्या एका वकिलाच्या लेटरहेडवर नोटीस आलीय. रोज फोन येतात, पोलीस दारात येतील म्हणतात. घरी कुणाला माहीत नाही. भरून टाकू का?

उत्तर : भरू नका. एक रुपयासुद्धा नाही. भरलं की पुढचा फोन ‘कोर्ट फी’चा येतो आणि त्याच्या पुढचा ‘केस बंद केल्याच्या एनओसी’चा. देणारं माणूस सापडलं की ते लोक सोडत नाहीत.

आधी हा धंदा काय आहे ते समजून घ्या, म्हणजे आपल्यालाच नीट टाइप करता आलं नाही ही खंत जाईल. ६०० गुणिले ३५ म्हणजे २१,००० रुपये, सात दिवसांचे. फोटोवरून मजकूर काढून देणारं अॅप मोबाईलवर फुकट मिळत असताना एका पानाला ३५ रुपये कोण देईल, आणि कशाला? त्या पानांना गिऱ्हाईकच नसतं. फोटो मुद्दाम पुसट, अक्षर शून्य आहे की ओ ते कळू नये असं. कॉपी-पेस्ट बंद. तपासणी त्यांचीच, चुकांची यादी कधी दाखवत नाहीत. मागून बघा, देणार नाहीत. सगळ्या मुली नापास व्हाव्यात अशीच ती परीक्षा असते, कारण त्यांची कमाई टायपिंगवर नाही, दंडावर आहे. त्यांना पैसे देणारं गिऱ्हाईक एकच, तुम्ही.

आता कायदा. काम ठरल्यासारखं झालं नाही हा फार तर दिवाणी वाद आहे, त्यासाठी पोलीस कुणाला उचलून नेत नाहीत. १८७२ च्या भारतीय करार कायद्यात कलम ७४ आहे : करारात दंडाचा आकडा लिहिला म्हणून तो आपोआप देणं लागत नाही, कोर्ट वाजवी तेवढीच भरपाई देतं आणि ती लिहिलेल्या आकड्याच्या वर जात नाही. फसवून घेतलेली संमती असेल तर कलम १९ प्रमाणं फसवल्या गेलेल्या माणसाला तो करार रद्द ठरवून घेता येतो. उलट, फसवणुकीसाठी भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आणि भीती घालून पैसे उकळण्यासाठी कलम ३०८ आहे. फोनवर धमकी देणाऱ्यांना हे तुमच्यापेक्षा चांगलं माहीत असतं, म्हणूनच ते लेखी कमी आणि बोलून जास्त धमकावतात.

वकिलाची नोटीस म्हणजे कोर्टाचा आदेश नव्हे. ती कुणीही कुणालाही पाठवू शकतो. कोर्टाच्या समन्सवर कोर्टाचं नाव, शिक्का, दाव्याचा क्रमांक आणि तारीख असते. क्रमांक दिला असेल तर ई-कोर्ट्सच्या साइटवर किंवा अॅपवर तो टाकून बघा. प्रत्येक प्रकरणाला सोळा अक्षरी सीएनआर क्रमांक असतो, महाराष्ट्रातला असेल तर सुरुवात एमएचनं. क्रमांक नसेल तर पक्षकाराच्या नावानंही शोधता येतं. काही सापडलं नाही तर दावा दाखल झाल्याचं ते फक्त तोंडानं म्हणतायत. मात्र उद्या खरोखरच कोर्टाचं समन्स आलं, तर ते खोटं समजून कपाटात टाकू नका, तारखेला हजर व्हायचंच. लेटरहेडवरच्या वकिलाचं नाव त्या राज्याच्या बार कौन्सिलकडं तपासा आणि नंबर तिथून मिळवा. खऱ्या वकिलाचं लेटरहेड त्याला पत्ता नसताना वापरलेलं असू शकतं.

तुम्हाला वकिलाचा खर्च नको असेल तर तोही करू नका. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ नुसार बाईमाणसाला मोफत कायदेशीर मदत मिळते, उत्पन्न कितीही असो. हेल्पलाइन १५१००. नाहीतर सरळ सांगलीला विजयनगरच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं या. करार, नोटीस, चॅटचे स्क्रीनशॉट, फोन आलेल्या नंबरांची यादी बरोबर आणा. रागानं चॅट डिलीट करून टाकतात बायका, ते करू नका. तक्रार सायबर क्राइम पोर्टलवर नोंदवा. पैसे गेलेले नाहीत म्हणून तक्रार होत नाही असं नाही. पोलीस ठाण्यात कुणी ‘हे आमच्या हद्दीत येत नाही’ म्हणालं तर त्यांना सांगा की भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये दखलपात्र गुन्ह्याची माहिती कुठल्याही ठाण्यात देता येते. आवाज न चढवता सांगा, पण सांगा.

मला करारापेक्षा तुमच्या आधार-पॅनची काळजी वाटते. आधारच्या अधिकृत अॅपवर बायोमेट्रिक लॉक करा आणि मागच्या सहा महिन्यांत आधार कुठं कुठं वापरलं गेलं ती यादी बघा. तुमच्या नावावर कुणी कर्ज काढलंय का, हे क्रेडिट रिपोर्टमध्ये कळतं. तो कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या प्रत्येक क्रेडिट कंपनीनं वर्षातून एकदा फुकट द्यायचा असतो. आता एकदा बघा आणि चार-सहा महिन्यांनी दुसऱ्या कंपनीचा बघा.

आणि घरी सांगा. आधी नणंद, जाऊ, जिच्याशी जमतं तिला, मग मालकांना. ते फोन करणारे तुमच्या गप्प बसण्यावरच जगतात. पुढच्या वेळी फोन आला तर मालकांनी उचलावा आणि ‘चुकांची यादी आणि सीएनआर नंबर पाठवा’ एवढंच म्हणावं.

ताई, मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, विश्रामबागेत रूम करून राहतो. टेलिग्रामवर हॉटेलांना रेटिंग द्यायचं पार्ट टाइम काम मिळालं. पहिल्या दिवशी खरंच २१० रुपये आले. आता म्हणतात, ५,००० भरून ‘प्रीपेड टास्क’ घे, नाहीतर तुझं बँक खातं ‘पेमेंट पार्टनर’ म्हणून दे, जमा होणाऱ्या रकमेवर दोन टक्के. पैसे भरायचे नाहीत एवढं मला कळतं. पण खातं द्यायला काय हरकत आहे? माझ्या खात्यात तसंही काही शिल्लक नाही.

उत्तर : शिल्लक नाही म्हणूनच तर तुझं खातं हवंय रे त्यांना. दुसऱ्या कुणाचे तरी चोरलेले पैसे तुझ्या खात्यातून पुढं पाठवायचे, म्हणजे पोलिसांच्या कागदावर पहिलं नाव तुझं येतं. याला बँकेत म्यूल खातं म्हणतात. ज्याचे पैसे गेले त्यानं १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन केला की साखळीतल्या खात्यांमधली रक्कम गोठते, कधी अख्खं खातंच बंद होतं, आणि मग जबाब द्यायला दुसऱ्या राज्यातल्या पोलिसांकडं खेटे घालावे लागतात. शिष्यवृत्ती त्याच खात्यावर येत असेल तर तीही अडकते. तुझे ते २१० रुपये कुठून आले असतील, याचाही विचार कर. हॉटेलवाल्यानं नक्कीच दिले नाहीत. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारनं अशा टास्क आणि गुंतवणुकीच्या शंभरहून जास्त वेबसाइट बंद केल्या. त्या वेळच्या निवेदनातच म्हटलं होतं की यांचं लक्ष्य निवृत्त माणसं, बायका आणि बेकार तरुण असतात. त्यांच्या जागी नव्या साइट आल्या, एवढंच.

एटीएम कार्ड, पासबुक, सिम, यातलं काही दिलं असशील तर आजच बँकेत जाऊन कार्ड बंद कर, नेट बँकिंगचा पासवर्ड बदल. अनोळखी रक्कम खात्यात आली असेल तर ती काढू नको, पुढं पाठवू नको आणि ‘चुकून आली, परत कर’ म्हणणाऱ्यालाही स्वतःच्या हातानं परत करू नको. शाखेत लेखी अर्ज दे : तारीख, रक्कम, यूपीआयचा बारा आकडी व्यवहार क्रमांक, आणि ही रक्कम माझी नाही, बँकेनं ती आल्या खात्यावर परत पाठवावी. अर्ज दोन प्रतींत कर. एकीवर बँकेचा शिक्का, सही आणि तारीख घे. काउंटरवरचा माणूस ‘शिक्का लागत नाही’ म्हणाला तर मॅनेजरच्या केबिनमध्ये जा. ती प्रत रूमवर ठेवू नको, घरी वडिलांकडं दे.